नदीमातृक, गाळपेर, पाटस्थळ : पहिल्या नगरांची शेती नेमकी कोणती?

प्रश्न

नमस्कार. सहावीच्या मुलांसाठी इतिहासाचं पूरक वाचन लिहिते आहे. त्यात एक वाक्य आहे : ‘नदीकाठी शेती सुरू झाली आणि त्यातून नदीखोऱ्यातील संस्कृती उदयाला आल्या.’ आमच्या शाळेतले संस्कृतचे निवृत्त सर मजकूर तपासून देतात. त्यांनी समासात एवढंच लिहिलं आहे : ‘नदीमातृक?’ शब्दाचा नेमका अर्थ काय? इजिप्त, इराक, सिंध या तिन्हींना तो लावता येईल का?

उत्तर

ताई, अमरकोशात ही जोडी एकत्रच येते. नदीच्या पाण्यावर धान्य पिकतं तो देश नदीमातृक आणि पावसाच्या पाण्यावर पिकतं तो देवमातृक. इथला देव म्हणजे पाऊस पाडणारा देव. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराविषयी प्रश्न विचारतो. राज्यात ठिकठिकाणी मोठे, भरलेले तलाव आहेत ना, ‘न कृषिर्देवमातृका’, म्हणजे शेती नुसती पावसावर सोडलेली नाही ना, असं तो विचारतो. मराठी बोलण्यात हे शब्द आज नाहीत, लिहिण्यात क्वचित दिसतात.

सरांचं प्रश्नचिन्ह मला वाटतं तुमच्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर आहे. पश्चिम आशियात शेती मोठ्या नद्यांच्या काठी सुरू झालीच नाही. रानटी गहू आणि जव उगवायचे ते टॉरस आणि झाग्रोस डोंगरांच्या पायथ्याला आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत, जिथे हिवाळी पाऊस पडतो. इ.स.पू. ९००० च्या आगेमागे लोक तिथे लागवड करू लागले. ही शेती प्रामुख्याने देवमातृक. दक्षिण इराकमधलं उरुक शहर भरात आलं आणि तिथे मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहिले जाऊ लागले ते इ.स.पू. ३३०० च्या सुमारास. तुमच्या वाक्यातला ‘आणि’ पाच हजारांहून जास्त वर्षं गिळतो. आपल्याकडेही तेच. बलुचिस्तानातल्या मेहरगढची जव-गव्हाची शेती इ.स.पू. ७००० च्या आसपासची मानली जाते, तीही सिंधूकाठी नव्हे तर बोलन खिंडीच्या तोंडाशी. मोहेंजोदडो उभं राहिलं इ.स.पू. २६०० च्या सुमाराला.

शेती पावसाच्या प्रदेशात जन्मली आणि पुढे जिथे पाऊस पुरत नव्हता अशा नदीकाठच्या सपाटीवर उतरली. नगरं त्या दुसऱ्या टप्प्यातली. मुलांना हे दोन टप्पे वेगळे दिसले पाहिजेत, आणि त्यासाठी ही शब्दजोडी फार चांगली आहे.

आणखी एक प्रश्न

पण मग आपले जिरायत-बागायत काय वाईट आहेत? सहावीतल्या मुलांना ‘देवमातृक’ कशाला?

उत्तर

जिरायत चालेल, कोरडवाहूही चालेल. अडचण बागायतीची आहे. तो शब्द ऐकला की आपल्यापुढे ऊस-केळी येतात, आणि इजिप्तची नाईल आणि इराकची युफ्रेटिस यांच्या काठी तर प्रामुख्याने धान्य होतं. शिवाय ‘नदीच्या पाण्यावरची शेती’ ही एकच गोष्ट नाही. इथे आपल्या गावाकडचे दोन शब्द कोशातल्या शब्दापेक्षा जास्त कामाचे आहेत : गाळपेर आणि पाटस्थळ.

गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी. उजनी किंवा जायकवाडीच्या फुगवट्याच्या कडेला राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. धरणाचं पाणी खाली गेलं की त्या जमिनीत पीक घेतात, ओल आधीच मुरलेली असते. नाईलची शेती मुळात हीच. इथिओपियाच्या डोंगरात पावसाळा झाला की जुलैपासून नदी चढायची, ऑक्टोबरच्या सुमारास उतरायची. गाळ बसला, ओल मुरली, थंडी सुरू झाली, म्हणजे गहू-जव पेरायला जसा हवा तसा मोसम. बांध घालून पाणी खाचरांत कोंडून ठेवायचे, पण मोठं काम नदीच करायची. सिंधूचा पूरही उन्हाळ्या-पावसाळ्यातला, त्यामुळे तिथेही ओसरत्या पाण्यावर रब्बी साधता येते. पंजाब-सिंधच्या महसुली भाषेत बारानी (पावसावरची), सैलाबी (पुराच्या ओलीवरची), नहरी (कालव्यावरची) असे जमिनीचे भेदच आहेत. त्यातली सैलाबी ती ही.

युफ्रेटिसचं गणित उलटं आहे. तिचं पाणी तुर्कस्तानातल्या डोंगरांवरच्या वितळत्या बर्फाचं. ते एप्रिल-मेमध्ये चढतं, म्हणजे नेमकं जव कापणीला आलेलं असताना. पेरणीच्या वेळी, शरदात, पात्र खाली गेलेलं. पाऊस २०० मिलिमीटरहून कमी. अशा ठिकाणी पेरणीला पाणी आणायचं तर पाट हवा, आणि उभं पीक वाचवायचं तर बांध हवा. एक सोय मात्र आहे. गाळ टाकत टाकत नदीचा काठ आजूबाजूच्या रानापेक्षा उंच झालेला असतो, त्यामुळे काठ फोडला की पाणी उताराने आपोआप शेताकडे जातं. पण त्याच गाळाने पाट बुजतो. तो सारखा उपसायचा कोणी, पाणी आधी कोणाच्या वावरात जाणार, शेपटाकडच्याला काय उरणार? ही शेती पाटस्थळ, आणि तिच्यात पाणी वाटून देणारा पाटकरी आलाच.

म्हणून काही जण म्हणतात की पाटांसाठी राजा लागला आणि राजामुळे नगर झालं. मला ते पटत नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम नद्यांच्या काठची आपली फड पद्धत बघा. बंधारा, पाट, पाळ्या, पाटकरी, सगळं गावाने मिळून सांभाळलं. सुमेरमध्येही, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमध्येही, सुरुवातीचे पाट लहानच होते. जास्त महत्त्वाचं वाटतं ते खळ्यावरून कोठारात जाणारं धान्य. उरुकच्या सुरुवातीच्या पाट्या उघडल्या की राजांच्या कथा निघत नाहीत, बहुतेक हिशेब निघतात : जव इतकं, मेंढ्या इतक्या, बिअर इतकी. कुंभार, विणकर, देवळातले लोक यांना शिध्याचं जव मोजून दिलं जायचं. ओबडधोबड, तिरप्या काठाचे, जवळपास एकाच मापाचे मातीचे वाडगे तिथे ढिगांनी सापडतात. ते शिधा वाटायचे असावेत असं बरेच अभ्यासक मानतात.

आणि ताई, जमलं तर ‘क्षारपड’ हा शब्दही घाला. पाट आला पण निचरा नाही, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते आणि मीठ जमिनीवर फुटतं. सांगली-कोल्हापूरच्या मुलांनी अशी पांढरी पडलेली रानं पाहिलेली असतात. सुमेरलाही हे चुकलं नाही. जव गव्हापेक्षा खारट जमीन सोसतं, तिथे त्याचं महत्त्व एवढं का होतं याचं हे एक मोठं कारण.

मध्येच एक शंका

इजिप्तच्या तीन ऋतूंत एक ‘पेरेत’ आहे ना? पूर, पेरेत, कापणी. आपल्या पेरणीशी काही नातं?

उत्तर

नाही. अखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पाण्यातून जमीन ‘बाहेर येणं’, शेमू म्हणजे कापणीचा काळ. त्या भाषेचं कुळच वेगळं. पेरणीचा काळ त्याच ऋतूत येतो, म्हणून ध्वनिसाम्य फसवतं.

शेवटची भर

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर घोड नदीवरचं इनामगाव घ्या, शिरूर तालुक्यातलं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षं तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानची वस्ती, जव पिकवणारी. पुराचं पाणी वळवायला खणलेला पाट आणि बांध तिथे सापडला, शिवाय धान्याची कोठारंही. म्हणजे पाटस्थळही होतं, साठाही होता. नगर मात्र झालं नाही. आमच्या भागातल्या नद्या खोल पात्रातून वाहतात. नाईल-सिंधूसारखं मैलोगणती पसरणारं पूरमैदान त्यांना नाही, त्यामुळे दरवर्षी नवा गाळ मिळणारी पट्टी अगदी चिंचोळी. पुढे पाऊसमान घटत गेलं, तेव्हा इनामगावची घरं लहान होत गेली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास लोक गाव सोडून गेले.