शिफ्ट ड्यूटी, तुटक झोप आणि अडून बसलेलं वजन: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या नवऱ्याचा आहे. वय ४१, उंची ५ फूट ७ इंच, वजन ८८ किलो, कमर १०२ सेंमी. चाकणला एका कंपनीत आहे आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. साखर बंद केली, रात्री भाकरी आणि पालेभाजी, आठवड्यातून चारपाच दिवस जिम. सुरुवातीला वजन उतरलं आणि मग अडलं. मला खटकतंय ते वेगळंच. उतरलं तेव्हाही पँट सैल झाली नाही, उलट जिममध्ये आधी सहज उचलायचा ते वजन आता त्याला जड जातं.

याचं कारण शोधताना शिकागो विद्यापीठातला २०१० सालचा एक प्रयोग वाचनात आला. जास्त वजनाच्या दहा जणांना बेताचं खाणं दिलं. चौदा दिवस झोपायला साडेआठ तास आणि चौदा दिवस साडेपाचच तास. वजन दोन्ही वेळा साधारण तीन किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकीचं स्नायूंसकट चरबी सोडून इतर भागातून गेलं. माणसं दहाच होती, त्यामुळे यावर फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे मान्य. तरी वाचताना आमच्याच घरचं कुणी लिहिलंय असं वाटलं.

भुकेचंही तसंच. त्याच विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात दोन रात्री चारच तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. नाईटला पहाटे तीनला कँटीनमध्ये समोर येतात ते वडे आणि फरसाण. घरात त्याला "जिभेवर ताबा नाही" असं ऐकावं लागतं, ते मला फार लागतं. जागरणानंतर भूकच वेगळी लागत असेल तर तो एकटा तिच्याशी किती झगडणार?

आता नेमक्या अडचणी.

सेकंड शिफ्ट करून तो साडेबाराला घरी येतो, झोपायला दीड वाजतो आणि सहाच्या बॅचसाठी साडेपाचला उठतो. ट्रेनर म्हणतात, बॅच चुकवू नका. माझं मत आहे की त्या आठवड्यात आठपर्यंत झोपू द्यावं आणि अकराला घरीच जोर-बैठका, डंबेल करावेत (जिम दुपारी बंद असते). चार तासांच्या झोपेवर केलेल्या व्यायामातून स्नायू भरून यायला वेळ तरी कुठून मिळणार? व्यायाम शिकवणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

नाईटनंतर सकाळी नऊला झोपतो आणि एकला जाग येते. जाड पडदे लावलेत, बेल बंद ठेवते, फोन दुसऱ्या खोलीत. पण शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, त्यामुळे दुपारची झोप लांबत नाही. ड्यूटीला निघण्याआधी संध्याकाळी आणखी दोन तास झोपला तर चालेल का? नर्स, पोलीस, कंपनीतले लोक हे कसं जमवतात? आणि शेवटचा चहा किती वाजता? पाचसहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं, म्हणजे पहाटे पाचचा चहा बंदच करायला हवा असं मला वाटतं.

सगळ्यात जास्त काळजी घोरण्याची आहे. सासूबाई म्हणतात, दमलाय, गाढ झोपलाय. पण मी शेजारी जागी असते. घोरता घोरता श्वास काही क्षण थांबतो, मग धाप लागल्यासारखा दचकून सुरू होतो. सहा तास झोपूनही उठल्यावर डोकं जड, बसमध्ये बसल्या बसल्या पेंग. हा स्लीप अ‍ॅप्निया असावा अशी मला शंका आहे. तसं असेल तर तास वाढवूनही झोप पुरी पडणार नाही. बस स्टॉपपासून घरी तो बाईकवर येतो, त्यामुळे आता थांबायचं नाही असं ठरवलंय.

आधी कान-नाक-घसावाल्यांकडे जावं की छातीच्या डॉक्टरांकडे? पिंपरी-चिंचवड किंवा तळेगाव भागात स्लीप स्टडी (झोपेतला श्वास वगैरे मोजणारी तपासणी) घरी येऊन करतात का, खर्च किती येतो? नाईटवाल्या माणसाची तपासणी दिवसा झोपेत करतात का? सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) वापरणारं कुणी शिफ्टमध्ये काम करत असेल तर अनुभव जरूर लिहा. थायरॉईड नॉर्मल आहे, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलंय. आणखी कुठले रिपोर्ट सोबत न्यावेत तेही सांगा.