राज्य विद्यापीठांत पोस्टडॉकची पदं हवीत, की आधी कायम प्राध्यापक?

रानवाट:
पुण्यात आयसर, एनसीएल, आयुका या संशोधन संस्थांत पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, करता येतं. राज्य विद्यापीठांतली बरीच मुलं मात्र पीएचडी झाली की तासिका तत्त्वावर शिकवायला लागतात, नाहीतर परदेशाची वाट धरतात. माझं म्हणणं, प्रत्येक विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून पोस्टडॉकची थोडी पदं काढावीत, भौतिकशास्त्रापासून प्राणिशास्त्रापर्यंत सगळ्या विभागांसाठी. सरांच्या प्रकल्पातून नेमलेला माणूस त्या प्रकल्पाचंच काम करतो. विद्यापीठाने नेमला तर तो स्वतःचा प्रश्न घेऊन येऊ शकेल. स्वतःचा विषय सापडण्याची हीच वर्षं असतात, आणि ती आपण दोन कॉलेजांच्या मध्ये एसटीत घालवायला लावतो.

खडूफळा:
ठाम विरोध. सहायक प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या पडल्यात आणि आपण आणखी एक कंत्राटी पायरी मागतोय! प्रॅक्टिकल, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, परीक्षेची कामं, सगळं याच मुलांच्या गळ्यात पडणार. मग कायम जागा भरायची घाई कुणाला राहील? यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या भरतीसाठी पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, फार तर १०. शिकवण्याच्या अनुभवालाही तेवढेच. तेही मुलाखतीची यादी करण्यापुरते.

रानवाट:
गुणांचं खरं आहे, पण गुणांसाठी कुणी पोस्टडॉक करू नये. शिकवणं आणि कार्यालयीन काम द्यायचं नाही, हे नेमणूकपत्रातच लिहून घेऊ. रिकाम्या जागांसाठी भांडायलाच हवं, मीही भांडते. पण त्या भरेपर्यंत संशोधन थांबवून ठेवायचं का?

दुर्बीण:
सगळ्या शाखांना एक माप लावू नका. आमच्या खगोलशास्त्रात एक-दोन पोस्टडॉक झाल्याशिवाय कायम जागेसाठी सहसा विचारच होत नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं हातात असतील तर दोन वर्षांत चांगलं काम उभं राहतं. जीवशास्त्रात पहिलं वर्ष कधीकधी नुसतं पेशी नीट वाढवण्यातच जातं. तिथे दोन वर्षांची मुदत म्हणजे प्रयोग अर्ध्यावर सोडणं. आणि सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या मुलांना पीएचडीनंतर औषध कंपन्यांत जाता येतं, त्यांना पोस्टडॉकची सक्ती वाटता कामा नये. मुदत विभागाने ठरवावी.

खडूफळा:
मुदतीचं पटलं. पैशाचं काय? २०२३पासून केंद्राच्या प्रकल्पांवर रिसर्च असोसिएटला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाला, दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता आहे. याहून कमी देऊन नेमणार असाल तर तो अन्याय आहे. फेलोशिप महिनोन्‌महिने न आल्याने घरभाडं थकलेली, घरून पैसे मागवणारी माणसं मी जवळून पाहिलीत. लग्न झालेलं, पोर लहान, अशा वयात हे सोसवत नाही. नेमणुकीच्या पूर्ण मुदतीचे पैसे आधी वेगळ्या खात्यात ठेवा, मग जाहिरात काढा. एवढं होणार असेल तर माझा विरोध निम्मा. उरलेला निम्मा रिकाम्या जागा भरेपर्यंत राहील.