मदत हवी आहे: पाचिंको मशीनचे खिळे कसे ओळखायचे?

मंडळी, जपानमध्ये कुणी पाचिंको (उभ्या मशीनमध्ये खिळ्यांमधून छोट्या पोलादी गोळ्या सोडायचा जुगारासारखा खेळ) नीट खेळतं का? मी ४ येनवालं मशीन खेळतो, म्हणजे १००० येनला ११ मिमीच्या २५० गोळ्या. जॅकपॉट साधारण ३१९ स्पिनमध्ये (स्पिन म्हणजे पडद्यावरचे आकडे एकदा फिरणं) १. एकाच मॉडेलची दोन मशीन शेजारी असतात, पण एकावर मधल्या 'हेसो'त (ज्या भोकात गोळी पडली की स्पिन मिळतो) गोळ्या भराभर पडतात, दुसऱ्यावर वरच्या दोन खिळ्यांना आपटून बाजूला पळतात. फरक खिळ्यांमधल्या फटीचा, हे कळतं. पण काचेबाहेरून तो ओळखायचा कसा? की थोडं खेळून १००० येनमागे किती स्पिन मिळतात तेच मोजायचं? गोळ्या उडवायचं हँडल तुम्ही कितपत फिरवून ठेवता? सरावाला १ येनचं मशीन बरं का? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगा, प्लीज.