मदत हवी आहे: अ‍ॅग्रोइकॉलॉजी शिकवायचंय, पण पीएचडी कुठल्या नावाने करू?

नमस्कार मंडळी, जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझं एमएस्सी अ‍ॅग्रोनॉमी (पीक घेण्याचं शास्त्र) झालंय आणि तीन वर्षं यवतमाळकडे एका संस्थेत कोरडवाहू कापूसवाल्यांसोबत काम करतेय. थीसिस होता सोयाबीन-तूर 4:2 आंतरपिकावर (चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर), म्हणजे तेच ते, ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन (तोच प्रयोग तीनदा), शेवटी बीसी रेशो (खर्चाच्या मानाने फायदा किती), झालं. इथे आल्यावर एक काकू म्हणाल्या, "मॅडम, पहिले पऱ्हाटीत (कपाशीत) बरबटी (चवळी)-अंबाडी राहे तं भाजी इकत आणा लागत नव्हती, आता फवारा मारला का सारंच जळते. थे भाजी तुमच्या हिशोबात कुठी धरता?" कुठेच धरत नव्हतो हो. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हेच शिकवायचं, शेत, घरातलं ताट, बाजार सगळं एकत्र धरून, म्हणजेच अ‍ॅग्रोइकॉलॉजी.

आता घोळ असा की आपल्याकडे असिस्टंट प्रोफेसरची जाहिरात निघते ती अ‍ॅग्रोनॉमी, मृदाशास्त्र, विस्तार शिक्षण अशा नावाने. नॉर्वेत ऑस्लोजवळच्या ओस गावातल्या विद्यापीठात अ‍ॅग्रोइकॉलॉजीचं मास्टर्स आहे, तिथे सुरुवातीलाच पोरांचे गट करून शेतकऱ्याकडे पाठवतात आणि थिअरी त्यातून निघते. (आमच्या 'रावे'त, म्हणजे बीएस्सीला गावात राहून करायच्या कार्यानुभवात, आम्ही कृषिकन्या म्हणून गेलो, बॅनर धरून बीजप्रक्रियेचा फोटो काढला आणि पेपरात बातमी छापून आणली, कात्रण फाइलला लावलं की मार्क. असो.) पण 2023 पासून युरोपबाहेरच्यांना तिथे फी लागते आणि बाबांना कर्ज काढायला लावायचं माझ्याच्याने होणार नाही.

तर प्रश्न: इथेच नेट (असिस्टंट प्रोफेसरसाठीची पात्रता परीक्षा) काढून अ‍ॅग्रोनॉमीत पीएचडी करू की बाहेर अ‍ॅग्रोइकॉलॉजीच करू? बाहेरची डिग्री घेऊन परत आल्यावर "हा विषय आमच्या यादीत नाही" म्हणाले तर?

प्रतिसाद 1:
ताई, आधी नेट काढून टाका, एकदा निघाली की कायमची, परत द्यायची भानगड नाही. बाहेर जायचं ते नंतर बघा. आणि डिग्रीवर अ‍ॅग्रोनॉमीच राहू द्या, पाटी कुठली का असेना, आत काय करायचं ते गाइडवर ठरतं. प्लॉटवरच्या प्रयोगाबाहेर ज्यांनी कधी विद्यार्थी जाऊ दिला नाही अशा सरांकडे गेलात तर चार वर्षं परत 4:2 च.

प्रतिसाद 2:
मी जर्मनीत आहे. दुसरं मास्टर्स कशाला? तुमच्याकडे एमएस्सी आहे, थेट पीएचडीच्या जागा शोधा. नॉर्वेत पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते, फी मास्टर्सवाल्यांना. मास्टर्सच करायचं असेल तर होहेनहाइमला सेमिस्टरला 1500 युरो आहेत, पण गटिंगन-कासेलच्या कोर्सला ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं किरकोळ भरावं लागतं. डाडची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) एक स्कॉलरशिप दोन वर्षं कामाचा अनुभव मागते, तो तुमच्याकडे आहेच, फक्त शेवटची डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, तेव्हा घोळ घालत बसू नका.

प्रतिसाद 3:
नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने नैसर्गिक शेती अभियानाला 2481 कोटी मंजूर केलेत, म्हणजे शिकवायला माणसं लागतील असं वाटतं. पण ते जीवामृताच्या (शेण-गोमूत्राच्या द्रावणाच्या) ड्रमपाशीच थांबलं तर तुमच्या काकूंची बरबटी परत राहिलीच.

धागाकर्ती:
थँक्यू सगळ्यांना. मास्टर्सचं खूळ काढलं डोक्यातून. नेटचा अभ्यास चालू करते आणि बाहेरच्या पीएचडीच्या जागांवरही नजर ठेवते. आता एकच, विदर्भात किंवा मराठवाड्यात असा कुणी गाइड माहीत आहे का जो शेतकऱ्याच्याच वावरात ट्रायल घेऊ देतो आणि रानभाजीसुद्धा वजन करून लिहू देतो? नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.