कामाच्या मध्येच पडणारे मोठे प्रश्न: तुमचे अनुभव लिहा

'मी म्हणजे कोण', 'योग्य काय' हे प्रश्न निवांतपणी पडत नाहीत. औषध देताना, सही करताना, कुणाला नाही म्हणताना पडतात. उत्तर सापडेपर्यंत थांबायची सोय नसते. असे प्रसंग सांगावेत, म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

माझ्या बाबांना स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाहीत, 'ताई' म्हणतात. कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच, हे त्याच्या जाणिवेवरून, आठवणींवरून ठरतं, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात मांडलं. वाचलं तेव्हा मला पटलं होतं. आता पटत नाही. आठवणी गेल्या, पण पाण्याचा पेला हाती दिला की आधी समोरच्याला विचारायचं, ही बाबांची रीत अजून शाबूत आहे.

आजाराआधी ते बजावून सांगायचे, "मला नळ्या लावून जगवू नका." आता ते आनंदात असतात, दिवसभर गुणगुणतात. उद्या वेळ आली तर मी कुणाचं ऐकायचं? तेव्हाच्या बाबांचं की आताच्या?

* * *

जुन्या बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आठवला. नागसेन विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? राजा म्हणतो, नाही. मग दिवे वेगवेगळे होते का? तेही नाही.

माझी आई याच आजारानं गेली. ही तीच आई का, हे ठरवायचा हट्ट मला या संवादामुळे सोडता आला. आज तिला काय हवं, एवढंच बघत गेलो. तुमच्या नळ्यांच्या प्रश्नाला मात्र हे पुरत नाही.

* * *

हो, माझं तिथेच अडतं. दोघेही बाबाच, असं धरलं तरी दोघांचं म्हणणं वेगळंच राहतं.

* * *

मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये ट्रामचा प्रश्न मांडला: ट्राम थांबवता येत नाही, फक्त रूळ बदलता येतो, मग कुणाला वाचवायचं? त्यात एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, हे आधीच ठाऊक असतं. आमच्याकडे कुणाचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेला रुग्ण जास्त गंभीर असू शकतो. नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. पण जिला थांबायला सांगितलं, तिच्या मुलाला 'का' हे सांगताना नियम अपुरे पडतात.

* * *

बाबांबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. आत्यानं जाण्यापूर्वी माझ्याकडून शब्द घेतला होता, डायऱ्या न वाचता जाळायच्या. गेलेल्या माणसाचं पुढे काही बरं-वाईट होऊ शकतं का, हा प्रश्न ॲरिस्टॉटललाही पडला होता, आणि त्यानं तो झटकून टाकला नाही. मी डायऱ्या जाळल्या. भाऊ अजून म्हणतो, आत्याला आता काय फरक पडणार होता, घराचा इतिहास मात्र गेला. मला वाटतं, शब्द घेणारी आत्या जिवंत होती, आणि तिचा विश्वास मोडायचा हक्क तिच्या मरणानं मला मिळत नाही. कुणी याच्या उलट वागलं असेल, तर कारणासकट जरूर लिहा.