म्हातारा संघ किती वर्षं ओढायचा? (वॉरियर्स, स्पर्स आणि थोडं आपलंही)

जंक्शनकर, भुसावळ
२०२५ च्या मे महिन्यातली सकाळ. सात वाजलेत, हातात चहा, बाहेर उन्हाचे चटके सुरू झालेले. एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, आधी चार सामने जिंकेल तो पुढे) चालू. ह्यूस्टनशी सात सामने झुंजून आलेले गोल्डन स्टेट वॉरियर्स मिनेसोटाशी खेळतायत आणि पहिल्याच सामन्यात त्यांच्या हुकमी करीच्या मांडीचा स्नायू गेला. तो सामना कसाबसा काढला, पुढचे चारही घालवले. मुख्य तिघांची वयं बघा: करी ३७, बटलर ३५, ड्रेमंड ३५.

माझं म्हणणं सरळ आहे. असा संघ विजेतेपदासाठी एकच हंगाम लढतो, तोही दुखापतींनी सोडलं तर. ८२ सामने खेळून झाल्यावर प्लेऑफमध्ये आणखी १६ जिंकायचे असतात. हाताची सफाई जात नाही हो, पोटऱ्या जातात. ब्रुकलिनने २०१३ मध्ये ३७ वर्षांचा गार्नेट आणि ३५ वर्षांचा पिअर्स आणला. कमाई काय, तर प्लेऑफची एक फेरी. बदल्यात दिलेल्या ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) हक्कांतून बोस्टनला ब्राउन आणि टेटम मिळाले, आणि २०२४ ला बोस्टन विजेता.

केळीवाला, रावेर
ब्रुकलिनचं उदाहरण इथे लागूच होत नाही, भो. तो पिकलेला संघ नव्हता, बाजारातून आणलेला पिकलेला माल होता.

सॅन अँटोनिओ स्पर्स बघ. पहिलं विजेतेपद १९९९ ला, पाचवं २०१४ ला. तेव्हा डंकन ३८, जिनोबिली ३६, पार्कर ३२. प्रशिक्षक पॉपोविचने त्या हंगामात एकालाही सरासरी ३० मिनिटं खेळवलं नाही. २०१२ मध्ये तर मायामीच्या सामन्याआधी त्याने मोठ्या खेळाडूंना सरळ घरी पाठवलं होतं. लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोकला. म्हाताऱ्या पायांसाठी एवढा खर्च परवडतो.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. केळीच्या खोडाभोवती पिलं फुटतच राहतात. सगळी ठेवली तर घड बारीक राहतो, सगळी कापली तर पीलबाग (पिलापासूनचं पुढचं पीक) येत नाही. म्हणून विळा घेऊन फिरायचं आणि वेळ पाहून एकच ठेवायचं, तेही जोमदार. घड कापला की मुळांना मिळालेलं सगळं त्या पिलाला. पहिल्या घडाला अकरा-बारा महिने लागतात, पीलबाग त्याच्या आधी येते. स्पर्सचा लेनर्ड हे ते पील. २२ व्या वर्षी अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. वॉरियर्सनी वाइजमन, कुमिंगा, मूडी अशी तीन पिलं एकदम ठेवली, पाणी कोणालाच पुरलं नाही.

पांझराकाठी, धुळे
काय भो, बास्केटबॉलमां केळी घुसाडी दिनी! पन तुन्ह पील गये कुठे? २०१८ ला लेनर्ड टोरांटोला गेला आणि २०१९ ला तिथे विजेता झाला. पील शेजारच्या बांधावर जाऊन निसवलं, घड तिथे लागला. स्पर्स २०२० ते २०२५ प्लेऑफबाहेर राहिले.

आणि वॉरियर्सना नावं ठेवताना २०२२ कुठे गेलं? ती पिलं बाकावर बसवूनच जिंकले ना, तेव्हा करी ३४ चा होता. एक खरा मोठा खेळाडू असेल तर वयाचा हिशोब मांडू नये. नोव्हित्स्की ३२ चा, किड ३८ चा, तरी २०११ ला डॅलस जिंकलंच.

शिट्टीवाले सर, जळगाव
अर्धीच गोष्ट सांगितलीत, पांझराकाठी. पुढच्या हंगामात त्यांचा चँडलर दुसऱ्या संघात गेला, आणि तोच डॅलस पहिल्या फेरीत ४-० ने बाहेर. म्हणजे जंक्शनकरांचा एकच हंगाम.

तीस वर्षं शाळेत शिट्टी फुंकली, त्यावरून सांगतो. म्हातारपण शॉटमध्ये दिसत नाही. बास्केट केल्यावर माणूस माघारी किती लवकर फिरतो ते बघा. दोन पावलं उशीर झाला की समोरचा पोरगा मोकळा. आमच्या रविवारच्या चाळिशीपारच्या संघात मीच तो उशीर करणारा आहे. सिमेंटचं मैदान, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि कॉलेजची पोरं 'काका, सावकाश' म्हणतात तेव्हा तर अंगाचा तिळपापड होतो.

२००४ चे लेकर्स आठवा. मेलोन ४०, पेटन ३५, सोबत शॅक आणि कोबे. डेट्रॉइटकडून ४-१. मेलोनचा गुडघा ऐन वेळी गेला.

केळीवाला, रावेर
सर, गुडघे गेले हे मान्य. पण २०१३ ला स्पर्सचं विजेतेपद शेवटच्या सेकंदांत ज्या थ्रीने (तीन गुणांच्या बास्केटने) हिसकावलं, तो मायामीच्या रे ॲलनचा होता. वय ३७. कामापुरता म्हातारा ठेवायला हरकत काय?

जंक्शनकर, भुसावळ
रे ॲलन बाकावरून उठून यायचा, भाऊ. गाडा ओढायला लेब्रॉन होता, २८ चा. मी तेच तर म्हणतोय. म्हातारा जोडीला चालतो, जू त्याच्या खांद्यावर नको. पाच वर्षांची स्वप्नं दाखवून तिकिटं विकू नका, एवढंच.

केळीवाला, रावेर
पाच कोण म्हणतं? तीन पिकं घेतली की आम्हीही बाग मोडतो. २०२२ ला तू याच संघाला संपला म्हणाला होतास ना?

जंक्शनकर, भुसावळ
म्हणालो होतो. तेव्हा दोन प्लेट शेवभाजी हरलो, अजून एक द्यायची राहिलीय.

पांझराकाठी, धुळे
सर, रविवारी आम्ही चौघे धुळ्याहून येतोय. सगळे चाळिशीपार. सहाला सुरू करा, नऊनंतर आमचा जीव जाईल.