मोशीत भाड्याचा वन बीएचके, बजेट ८ हजार. घर घरासारखं वाटत नाही

अबोली_गारगोटी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

लग्नानंतर गारगोटीहून मोशीला आलोय. यांची चाकणला कंपनी, शिफ्ट ड्युटी. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, ११ महिन्यांचा करार. बिल्डिंग नवी, पाणी बरं, शेजार चांगला, तक्रारीला जागा नाही. पण दार उघडून आत आलं की बँकेत आल्यासारखं वाटतं. पांढऱ्या भिंती, चकचकीत पांढरी फरशी, वर पांढरी ट्यूब. हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक फोल्डिंगचं टेबल, बस्स. बोललं की आवाज घुमतो. परवा फोनवर आई विचारत होती, "जिन्यात उभी राहून बोलतेस काय गं?"

मालकांनी बजावलंय, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडरसुद्धा मी खिडकीच्या ग्रिलला बांधलंय. हातात ८ हजार आहेत. यात सोफा येत नाही हे कळतं. यूट्यूबवरच्या 'लो बजेट'मध्ये नुसता गालिचाच ६ हजारांचा! दिवाळीला सासूबाई राहायला यायच्यात. पैसे आधी कशावर घालू? हॉलपुरतं सांगितलंत तरी पुष्कळ. शिवणाचं मशीन आहे, माहेरून आणलंय.

निखिल_८८

फेअरी लाइट्स, मनी प्लांट, चार कुशन. ऑनलाइन हजारात काम होतंय.

विंगेतला_माणूस

निखिलराव, त्या माळा गणपतीच्या मखराला राहू द्यात.

अबोली, घर सजवणं हा माझा धंदा नाही. भोसरीत कारखान्यात नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकांचं बॅकस्टेज. राज्य नाट्य स्पर्धेला प्रकाशयोजना, माणसं कमी पडली की नेपथ्यही. मंडळाकडे पैशांचा कायम खडखडाट, आणि नाटकात घर तर हवंच. वाड्यातलं माजघर, चाळीतली खोली, सरकारी क्वार्टर, सगळं मागून आणलेल्या सामानावर उभं केलंय. तेव्हा खोट्या घरात माणसं राहतात असं कसं भासवायचं, एवढं मला येतं. तुझ्या घरात तर खरोखरच राहतात.

पहिला खर्च उजेडावर कर. रंगमंचावर नुसती एक खुर्ची ठेव आणि बाजूने अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी उजेड, सोड, बघणाऱ्याला कळतं की दिवेलागण झालीय, कुणीतरी घरी यायचंय. त्याच खुर्चीवर डोक्यावरून पांढरा लाइट मार, पोलीस चौकी झाली. खुर्ची तीच, माणूस तोच. तुझ्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पोलीस चौकी लागतेय.

आता बाजारातलं बोलू. बल्बच्या खोक्यावर आकडा आणि पुढे 'के' छापलेलं असतं. तुझी ट्यूब बहुतेक ६५०० ची असणार, म्हणजे भर दुपारचा पांढरा-निळसर उजेड. तुला २७०० किंवा ३००० हवाय. जुना तारेचा पिवळा बल्ब साधारण २७०० चाच असायचा. दुकानदार "वॉर्म व्हाइट" म्हणेल, तरी खोक्यावर आकडा बघूनच घे. आणि एका खोलीत सगळे एकाच आकड्याचे. एक पिवळा, एक पांढरा लावलास तर पांढऱ्याशेजारी पिवळा मळका दिसतो. त्यापेक्षा आहे ती ट्यूब बरी.

५ वॅटचे तीन घे. तिन्ही मिळून १५ वॅट, म्हणजे तुझ्या २० वॅटच्या ट्यूबपेक्षा वीज कमीच. पण तिन्ही वर लावायचे नाहीत. वरच्या उजेडात डोळ्यांखाली सावल्या पडतात, माणूस दमलेला दिसतो, शिफ्ट करून आलेला तर जास्तच. दिवे बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या आसपास हवेत. एक खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर, तोंड भिंतीकडे. बल्ब स्वतः दिसता कामा नये, भिंतीवरून परत आलेला उजेड तेवढा दिसावा. पांढऱ्या भिंतीला तू नावं ठेवतेस, पण उजेड परतवायला तिच्यासारखी दुसरी नाही. दुसरा दिवा बसायच्या जागेशेजारी. तिसऱ्याचं पुढे सांगतो.

इलेक्ट्रिकच्या दुकानात लोंबता होल्डर, टू-कोर वायर, टू-पिन टॉप आणि वायरमध्ये बसणारा छोटा स्विच माग. दुकानदारच जोडून देतो. बल्बसकट एक दिवा अडीचशेच्या आत पडावा. होल्डर पिनांचा घेतलास तर बल्ब पिनांचा, आट्यांचा घेतलास तर आट्यांचा. हे घरी आल्यावर कळलं की परत फेरी.

शेडसाठी पुण्यात बुरूड आळीत जा. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी मिळते. ती उपडी करून मधे होल्डर ओवायचा. पेटवलं की विणीची सावली भिंतभर पडते. बल्ब रोवळीच्या काड्यांना टेकू देऊ नकोस. एलईडी तापत नाही म्हणतात, पण त्याचा बुडखा चांगला तापतो.

हॉलच्या छताला झोपाळ्याच्या कड्या आहेत का ते बघ. असल्या तर खिळ्याचं कामच नाही.

माई_डोंबिवली

विंगेतले भाऊ, वाचायला झकास वाटलं. पण त्या २७०० मध्ये तांदूळ निवडून दाखवा, मग बोलू. अबोली, ओट्यावरची आणि तुझ्या मशीनपाशी लागणारी ट्यूब पांढरीच राहू दे. काळा दोरा आणि गडद निळा दोरा पिवळ्या उजेडात एकच दिसतात.

पडदे विकत घेऊ नकोस. तुझ्या, आईच्या, सासूबाईंच्या कपाटात न नेसली जाणारी सुती साडी असेलच. साडी साडेपाच मीटर, पन्हा ४४-४५ इंच. आधी पदर वेगळा काप. उरलेल्यात दारापुरते, म्हणजे ७ फुटी, दोन पडदे वर-खाली दुमडीसकट बसतात. दोन्ही काठ आपोआप उभ्या कडांना येतात, त्या बाजू शिवायलाच नकोत. नुसतं वर रॉडसाठी नेफा आणि खाली चार बोटं दुमड. दोन्ही मिळून ९० इंच रुंदी होते, चार फुटी दाराला जवळजवळ दुप्पट, म्हणजे चुण्या छान पडतात. रेडिमेडवाले दाराएवढंच कापड देतात आणि पडदा ताणलेल्या चादरीगत लटकतो. पदराचे दोन अभ्रे कर.

पश्चिमेचं ऊन येत असेल तर साडीला मागून मांजरपाटाचं अस्तर लाव, नाहीतर वर्षात रंग उडतो. मांजरपाट आधी रात्रभर भिजत घाल, वाळव, मगच काप. तो आटतो. नवीन कोरा कापून शिवलास तर पहिल्या धुण्यात अस्तर वर चढतं आणि साडी खाली पोटऱ्या काढते.

रॉडसाठी बाल्कनीच्या दाराच्या चौकटीत स्प्रिंगचा रॉड अडकवतात. सुती साडीचं वजन पेलतो. जाड पडदा टाकला की रात्री धाडकन खाली.

अबोली_गारगोटी

काका, माई, किती सविस्तर लिहिलंत! कड्या आहेत, दोन! मी त्यांना दोरी बांधून पावसाळाभर कपडे वाळत घातले.

साडी आहे. आईची इरकली आहे, पण ती कापवणार नाही. सासूबाईंच्या दोन सुती आहेत, विचारून बघते. बसायचं काय करू? आणि आवाजाचं? भिंतीला चिकटवायचे हुक चालतील का?

घरमालक_आहे_मीच

आमच्या पक्षाचंही ऐका. चिकटणारे हुक डिस्टेंपरवर लावू नका. काढताना रंगाचा पापुद्रा निघतो, खाली पुट्टी दिसते आणि डिपॉझिट देताना माझ्यासारखा माणूस मोजमाप काढत बसतो. टाइल्सवर, कपाटाच्या सनमायक्यावर, काचेवर खुशाल लावा. आणि मालकांना एकदा सरळ विचारा: "एका भिंतीला दोन खिळे मारू का, जाताना बुजवून देईन." 'खिळा नको' हे बहुतेक आधीच्या भाडेकरूमुळे असतं, तुमच्यामुळे नाही. उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

विंगेतला_माणूस

माईंचं तांदळाचं मान्य. नाटकातसुद्धा मेकअप रूमला पांढराच लागतो.

आवाजाचं उत्तर बसण्यातच आहे. फरशी, भिंती, काच, सगळं टणक, म्हणून आवाज आदळून परत येतो. मऊ काही आलं की तो तिथे मुरतो. साडीचे पडदे थोडा खातील, उरलेला गादी खाईल. म्हणून सोफ्याऐवजी भारतीय बैठक कर. गादीवाल्याकडून ३ बाय ६ ची कापसाची गादी, मागे दोन लोड, कडेला दोन तक्के. फोमची नको. स्वस्तातला फोम लवकर बसका होतो आणि फेकावाच लागतो, कापूस पिंजून परत भरता येतो. हे सगळं साडेतीन-चार हजारांत बसवता येतं. घासाघीस कर, आणि कापूस तुझ्यासमोर भरायला सांग. खोळीचं कापड जाड आणि गडद घे. चहा सांडणार, हे गृहीत धर. खोळ शिवायला मशीन आहेच.

पुढ्यात जमखाना टाक. गारगोटीकडून येताना वाकळ आणता आली तर तीच गादीवर अंथर. आजीच्या हातची असली तर तीत कुणाचं लुगडं आहे, कुणाचा परकर, हे येणारा-जाणारा विचारतो आणि बोलणं सुरू होतं. स्पर्धेत आम्ही शेजाऱ्यांच्या वाकळी मागून आणायचो, कारण विकतची गोधडी पहिल्या रांगेतून ओळखू येते. सगळी ठिगळं एका मापाची आणि सगळी नवी.

हीच गोष्ट बाकी सामानाची. दुकानातून एकदम आणलेलं जुळणारं सामान मांडलं की सेट वाटतो. नेपथ्यात आम्ही मुद्दाम एखादी वस्तू विजोड ठेवायचो, आणि काहीतरी अर्धवट: उघडा चष्मा, घडी मोडलेला पेपर, निवडायला घेतलेली मेथी. तुझं मशीन झाकून बेडरूममध्ये ठेवलं असशील. ते हॉलमध्ये आण, खिडकीपाशी, सुईखाली कापड असू दे. लोक घरात शिरून काय बघतात? इथे राहणारं माणूस काय करतं ते. शोपीसमधून ते कळत नाही.

माई_डोंबिवली

बैठक छान, पण सासूबाईंचे गुडघे? माझ्या वयाची बाई खाली बसली की उठताना घरभर माणसं गोळा करते.

विंगेतला_माणूस

हे मात्र खरं. मग गादीखाली लोखंडी कॉट घाल, ३ बाय ६ चीच. तुमच्या भागात पीजी आणि हॉस्टेलं उठतात तेव्हा कॉट भंगाराच्या भावात निघतात. भंगारवाल्याला सांगून ठेव. गंज खरवडून रेड ऑक्साइडचा एक हात, वर काळा रंग, झालं. खाली पेट्या सरकवता येतात, खोळ जमिनीपर्यंत सोडली की त्या दिसतही नाहीत. पुण्यात फेरी होणार असेल तर बुधवारी किंवा रविवारी ये, जुना बाजारही बघून होईल. पितळी तांब्या, लामणदिवा असलं काही नजरेस पडेल, पण पहिल्या फेरीत घेऊ नकोस. आधी दिवे, गादी आणि पडदे लावून आठवडाभर राहा. मग खोलीत कुठे रिकामं वाटतं ते आपोआप कळतं.

निखिल_८८

मनी प्लांट तरी ठेवू द्या हो काका.

विंगेतला_माणूस

ठेवा. फुकट मिळतो. शेजारणीकडून कांडी मागायची, पाण्याच्या बाटलीत लावायची. त्यासाठी ऑनलाइन जायची गरज नाही.

अबोली_गारगोटी

अपडेट: सासूबाई एका साडीला हो म्हणाल्या, दुसरीला "बघू". हे म्हणतात कॉट कंपनीतल्या एकाकडे पडून आहे, तो ५०० मागतोय. रविवारी बुरूड आळीत जातोय. काका, तिसऱ्या दिव्याचं राहिलं. आणि रोवळी कडीला टांगायची तर किती खाली?

विंगेतला_माणूस

५०० ला घे, पण चारही पाय जमिनीला टेकतात का ते बसून बघ.

तिसरा दिवा म्हणजे ही कडीवरचीच रोवळी. दोन दिवे खाली आहेत, म्हणून हा एक वर चालतो, उजेड विणीतून चाळून येतो. फोल्डिंगचं टेबल बरोबर कडीखाली आण. टेबल खाली असलं की कुणी तिथून चालत जात नाही, त्यामुळे रोवळी बिनधास्त खाली घेता येते. रोवळीची खालची कड टेबलापासून अडीच फुटांवर ठेव. समोरासमोर जेवायला बसलात तर एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत आणि बल्ब डोळ्यांत जाता कामा नये. आधी कुणाला तरी हातात धरायला लावून दोन्ही बाजूंनी बसून बघ, मगच गाठ मार. रोवळीचा भार वायरवर टाकायचा नाही. कडीपासून रोवळीपर्यंत सुतळी बांधायची, वायर सुतळीला पीळ देत सैल सोडायची. वायर छतावरून भिंतीपर्यंत न्यायला दुसरी कडी आहेच.

आणि आळीत गेल्यावर रोवळीच्या बुडाला होल्डर जाईल एवढं भोक त्यांच्याकडूनच पाडून घे. घरी सुरी घातलीस तर वीण उसवते.